खान्देशात धावायला लागताना: रस्ता कधी, ट्रेडमिल कधी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या माणसाने धावायला लागायचं ठरवलं की सगळ्यात आधी उन्हाचा विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो आणि थंडीच्या लाटेत धुळ्याकडे तो ६-८ अंशांपर्यंत उतरतो. एका वर्षात एवढा चढउतार सोसणाऱ्या शरीराला पुण्या-मुंबईच्या माणसाचं वेळापत्रक चालत नाही. म्हणून ‘ट्रेडमिल चांगली की बाहेर धावणं चांगलं’ असं कुणी विचारलं की मी आधी महिना विचारतो. दिवाळी ते होळी बाहेर धावावं. होळी ते मृग ट्रेडमिलवर, किंवा ती नसेल तर पहाटे नुसतं चालावं. पावसाळ्यात दिवस पाहून ठरवावं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

हा लेख दुकानात, बँकेत, शाळेत, कचेरीत दिवसभर बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास घाम गाळावा, वजन आणि शुगर ताब्यात राहावी, जिना चढताना दम लागू नये, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर घड्याळ लावून काढायचे असतात. त्यांचा सराव वेगळा. मैदानावर त्यांच्या बरोबरीने पळायला गेलेला चाळिशीचा माणूस आठवडाभरात पोटऱ्या धरून घरी बसतो, हे गावोगाव दिसतं.

सुरुवातीआधी शरीराची चौकशी

वय चाळिशीच्या पुढे आणि आजवर व्यायाम नाही, किंवा बीपी, शुगर, छातीत दुखणं, घरात हृदयविकार यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ते कदाचित टीएमटी करायला सांगतील. छातीला वायरी लावून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवतात ती चाचणी. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेला तिचा क्रम आजही सर्रास वापरला जातो. सुरुवात ताशी २.७ किमी अशा अगदी संथ चालीने होते, पण पट्टा १० टक्के चढावर असतो, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढवतात. यात नवशिक्याने लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हृदयाला काम द्यायला पळावंच लागतं असं नाही. चढावर नुसतं चालूनही छाती चांगली भरून येते. गुडघे दुखणाऱ्यांना आणि वजन जास्त असणाऱ्यांना ट्रेडमिलचा हाच खरा फायदा आहे. सपाट जळगावात राहून त्यांना रोज पाच टक्के चढ चढता येतो, तोही उतरण्याचा मार गुडघ्यांना न बसता.

पहिले चार आठवडे

शक्य असेल तर सुरुवात दिवाळीनंतर करा आणि बाहेर करा. पहिले चार आठवडे मशीन विकत घेऊ नका, जिमचे वर्षाचे पैसे भरू नका. धावणं आपल्याला आवडतं की नाही, हे कळायला रस्ता फुकट आहे.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं भरभर चाला, शेवटची पाच मिनिटं सावकाश चाला. मधल्या वीस मिनिटांत पहिल्या आठवड्यात एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, आलटून पालटून. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, दोन चालणं. तिसऱ्यात तीन आणि दोन. चौथ्यात पाच आणि दोन. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. इथे घाई करण्यासारखं काही नाही. दम आणि स्नायू लवकर सुधारतात, पण हाडं आणि स्नायूबंध यांना नव्या भाराची सवय व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात ‘आता तर सहज जमतंय’ असं वाटतं आणि माणूस एकदम दुप्पट धावतो. नडगीचं दुखणं नेमकं तिथून सुरू होतं.

वेग किती? धावताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर वेग जास्त आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. ही श्वासाची परीक्षा रस्त्यावरही चालते आणि पट्ट्यावरही, डिसेंबरातही आणि मे महिन्यातही. मोबाइलवरचा आणि मशीनवरचा आकडा दुय्यम समजा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. भरभर चालणं मध्यम, धावणं जोरकस. तीन दिवस अर्धा अर्धा तास चालत-धावत आणि उरलेल्या दोन-तीन दिवशी नुसतं चालणं, एवढ्यात हे आरामात बसतं.

कुठे धावायचं

जळगावकरांना मेहरूण तलाव सांगायला नको. सकाळी तिथे चालणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की नवख्याला एकटं वाटत नाही. धुळ्यात पांझरेच्या काठचे रस्ते आहेत. भुसावळात रेल्वे वसाहतीकडचे झाडांखालचे रस्ते आहेत. तालुक्याच्या गावी शाळा-कॉलेजचं मैदान, आणि खेड्यात शिवारात जाणारा मुरमाचा रस्ता. माझी पसंती या मुरमाच्या रस्त्याला. तो डांबरापेक्षा पायाला सोसतो आणि त्याच्यावर वाहनं कमी. काळ्या मातीचं मात्र जपून. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. पावसात ती बुटाला किलो किलोने चिकटते. गल्लीतल्या काँक्रीटवर थोडं धावायला हरकत नाही, रोज मात्र नको.

डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. सतत एकाच कडेने धावलं तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो आणि कंबर, गुडघा तक्रार करू लागतात. वाहनं नसतील अशा ठिकाणी मधून मधून सपाट भाग धरा. वाहनं असतील तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने उजव्या कडेने धावा. महामार्ग आणि केळीच्या ट्रकांचे रस्ते सोडूनच द्या. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात पाठीमागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात. अंधारात निघत असाल तर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला, हातात बॅटरी ठेवा आणि निदान एक कान मोकळा ठेवा.

कुत्र्यांची भीती खरी आहे आणि बाहेर धावणं सोडून देण्याचं ते एक मोठं कारण असतं. कुत्रं मागे लागलं की पळू नका, पळणाऱ्याच्या मागे ते हमखास लागतं. थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता चालत पुढे व्हा. हातात काठी असलेली बरी. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच शिवारांत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवतात. सकाळच्या थंड हवेत तो धूर जमिनीलगत बसून राहतो. दमा असणाऱ्यांनी अशा दिवशी उन्हं वर येईपर्यंत थांबावं किंवा सरळ ट्रेडमिल धरावी. डिसेंबरात, सारंगखेड्याची यात्रा भरते त्या सुमारास, सकाळी आठ-साडेआठपर्यंत ऊन कोवळंच असतं. तेव्हा पहाटे पाचला कुडकुडत निघण्याची गरज नाही.

बायकांच्या बाबतीत हा सगळा हिशेब वेगळा लागतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात एकटी बाई धावताना दिसली की नजरा वळतात, पहाटेचा अंधार असेल तर भीतीही असते. दोघी-तिघींनी मिळून निघणं, ओळखीचं मैदान धरणं, थंडीत थोडं उशिरा जाणं यांनी बरंच सोपं होतं. काही जिममध्ये बायकांसाठी वेगळी वेळ असते, ती विचारून घ्या. आणि घरात ट्रेडमिल आणली असेल तर तिचा सोयीचा वेळ आधी घरातल्या बाईला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुषाला बाहेरचा रस्ता केव्हाही मोकळा असतो.

ट्रेडमिलवर पहिला दिवस

पट्टा बंद असताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या कडांवर पाय ठेवून उभे राहा. सेफ्टी कीची दोरी कपड्याला अडकवा. ही दोरी ओढली गेली की मशीन थांबतं. बहुतेक जण ती लटकत ठेवतात, तसं करू नका. वेग ताशी ३ किमी ठेवून पट्टा सुरू करा, तो फिरताना पाहा, मग दांडी धरून एकेक पाय त्यावर टाका. दोन मिनिटांत तोल सापडला की दांडी सोडा. दांडी धरून चालणारा माणूस आपलं वजन हातावर टाकतो, त्यामुळे मशीन जितकं काम दाखवतं त्याहून खूप कमी काम होतं. हात सोडून जो वेग जमत नाही, तो वेग आपला नाही.

नजर समोर ठेवा. पायाकडे पाहिलं की तोल जातो. पट्ट्याच्या मध्यापेक्षा किंचित पुढे राहा. पाच मिनिटं ४-५ च्या वेगाने चाला, मग ६.५-७ वर हळू धावून पाहा. थांबताना एकदम थांबू नका, दोन-तीन मिनिटांत वेग उतरवत चालीवर या. खाली उतरल्यावर जमीन सरकल्यासारखी वाटते, काहींना गरगरतं. ते नेहमीचं आहे, दांडी धरून मिनिटभर उभं राहावं. ओढणी, साडीचा पदर, सैल नाडी पट्ट्याजवळ नको. घरात लहान मूल असेल तर वापर झाला की सेफ्टी की काढून वर ठेवा. फिरत्या पट्ट्याखाली बोटं जाऊन मुलांना गंभीर इजा होतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. धावत असताना लाइट गेली की पट्टा थांबतो, पण शरीर पुढे जातच राहतं. म्हणून दांडी कायम हाताच्या अंतरावर असू द्या आणि घरी एकटे असताना आपल्या कमाल वेगाने धावू नका. लाइट गेली की पट्ट्यावरून खाली उतरा. ती परत येईल तेव्हा त्याच्यावर उभे असू नका.

दोन्हींत नेमका फरक कुठे पडतो

बाहेर आपण हवा कापत पुढे जातो, पट्ट्यावर जागच्या जागी धावतो. त्यामुळे ट्रेडमिल सोपी, म्हणून चढ कायम १ टक्का ठेवा, असा सल्ला प्रत्येक जिममध्ये मिळतो. त्याचं मूळ १९९६ साली ब्रिटनमधल्या अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. पण तो अभ्यास सराव असलेल्या धावपटूंवर, ताशी साधारण १०.५ ते १८ किमी वेगावर केलेला होता. ताशी ७-८ किमीने धावणाऱ्याला हवेचा अडथळा नगण्य असतो. नवशिक्याने पट्टा सपाट ठेवला तरी काही बिघडत नाही.

खरा फरक उष्णतेत आहे. बाहेर धावताना अंगावरून वारा जातो आणि घाम वाळतो. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, नुसता गळून उपयोग नाही. बंद खोलीत पट्ट्यावर धावणाऱ्याभोवतीची हवा हलत नाही, म्हणून तोच वेग जड वाटतो आणि ठोके वाढतात. पंखा समोरून, छातीवर येईल असा लावा. छताचा पंखा पुरत नाही.

आता कूलरबद्दल, कारण खान्देशात घरोघरी तोच आहे. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो आणि त्याला हवा कोरडी लागते. एप्रिल-मे महिन्यात आपली हवा कोरडी असल्याने तो उत्तम चालतो. पण खोली बंद करून कूलर लावला तर थोड्याच वेळात खोलीतला ओलावा वाढतो, घाम वाळायचा थांबतो आणि खोली गार भासूनही शरीर तापत राहतं. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी. तुषार मशीनवर उडतील इतका तो जवळ ठेवू नका. मृगाचा पाऊस झाला की कूलर बंद आणि साधा पंखा सुरू, कारण दमट हवेत कूलर ओलावाच वाढवतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ट्रेडमिल वापरणं बाहेर उन्हात धावण्याइतकंच घातक आहे. जुन्या धाब्याच्या घरातली तळमजल्याची खोली त्यापेक्षा कितीतरी गार असते. तिथली जमीन पक्की आणि सपाट असेल तर मशीन तिथेच ठेवावं.

दुसरा फरक पायांचा. पट्ट्यावर प्रत्येक पाऊल सारखं पडतं. वळण नाही, खड्डा नाही, उतार नाही. घोट्याभोवतीच्या लहान स्नायूंना बाहेर जे काम मिळतं ते इथे मिळत नाही. बहुतेक मशीनवर उतारही नसतो. उतारावर शरीराला आवर घालायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंना करावं लागतं. सहा महिने फक्त पट्ट्यावर धावलेला माणूस लळिंगचा किल्ला चढून जातो, पण उतरून आल्यावर दोन दिवस त्याला जिना उतरता येत नाही. तोरणमाळला फिरायला जायचं असेल तर आधीचे काही आठवडे बाहेरच्या उंचसखल रस्त्यावर चाला.

पट्ट्याखालची फळी थोडी दबते, म्हणून काँक्रीटपेक्षा ती सुसह्य. मात्र ट्रेडमिलवर दुखापत होत नाही हा समज चुकीचा आहे. एकच पाऊल हजारो वेळा तसंच पडल्याने तेच तेच दुखणं उद्भवू शकतं. दर पाच मिनिटांनी वेग किंवा चढ किंचित बदलत राहिलात तर भार वाटला जातो, कंटाळाही कमी येतो.

मशीन वेग दाखवतं, मोबाइलमधली ॲप एका किलोमीटरला किती मिनिटं लागली ते दाखवतात. ताशी ६ म्हणजे एका किलोमीटरला १० मिनिटं, ७.५ म्हणजे ८ मिनिटं, ८ म्हणजे साडेसात, १० म्हणजे ६ मिनिटं. कॅलरींचा आकडा निव्वळ अंदाजाचा असतो, त्याच्या भरवशावर शेवभाजीची दुसरी वाटी घेऊ नका.

जिम की घरचं मशीन

बहुतेकांसाठी माझा सल्ला: मार्च ते जून जिम लावा, बाकीचे महिने रस्ता. घरी घ्यायचंच असेल तर आधी मोटर पाहा. जाहिरातीत कमाल शक्तीचा मोठा आकडा असतो. तुम्ही विचारायचा तो सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आणि धावण्यासाठी तो २ अश्वशक्तीच्या खाली नको. पट्टा निदान १२० सेंटीमीटर लांब हवा, उंच माणसाला त्याहून जास्त. वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा २०-२५ किलोने अधिक असलेली बरी. ‘वॉकिंग पॅड’ म्हणून मिळणारी चपटी मशीनं चालण्यासाठी ठीक आहेत, धावण्यासाठी नाहीत. दुरुस्ती करणारा माणूस जळगाव-धुळ्यातून येतो की नाशिक-पुण्याहून, हे पैसे देण्याआधी विचारा. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, जाड पिनचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्या. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल किती दिवसांनी घालायचं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. आपल्याकडच्या धुळीत पट्ट्याच्या कडा मात्र दर आठवड्याला पुसाव्या लागतात.

होळीनंतर

ऊन एका दिवसात वाढत नाही, पण शरीराला त्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मार्चच्या पहिल्या गरम आठवड्यात माणसं थंडीतल्याच वेगाने धावतात आणि तिथेच त्रास होतो. त्या दिवसांत वेळ निम्मा करा, वेग श्वासावर सोडा. संध्याकाळपेक्षा पहाट बरी. दिवसभर तापलेलं डांबर आणि भिंती रात्री उशिरापर्यंत उष्णता फेकत असतात, सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आधीची. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा साडेपाचला निघून साडेसहाला घरात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास तर पहाटेही गारवा नसतो. अशा दिवसांत बाहेर फक्त चालावं आणि धावणं पट्ट्यावर करावं. जिम किंवा मशीन दोन्ही नसेल तर हे दोन-अडीच महिने नुसतं चालून काढा. त्याने काही वाया जात नाही, पायांची सवय टिकते.

पाणी दिवसभर पीत राहा. धावण्याआधी एकदम तांब्याभर पिऊन काही साधत नाही. अर्ध्या तासाच्या व्यायामाला साधं पाणी आणि नंतर मीठ घातलेलं ताक पुरतं. घाम फारच गेला, पायात गोळे आले, तर ओआरएस घ्या. घरी करायचं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजूनच. शुगर-बीपीवाल्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारून ठेवावं. खूप वेळ घाम गाळून नुसतं पाणीच ढोसत राहणंही धोक्याचं, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. निघण्याआधी काही खायचंच असेल तर अर्धा तास आधी एक केळं. रावेर-यावलच्या माणसाला ते दारातच मिळतं.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, भर उन्हात अंगावर शहारे येणं, ही ऊन लागल्याची खूण. ताबडतोब थांबा, सावलीत बसा, डोक्यावर आणि मानेवर पाणी घ्या. कुणी असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, कोसळला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत आणि मानेला गार कपडा लावा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आणि धावताना, पट्ट्यावर असो की रस्त्यावर, छातीत दाब आला, तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी झोपू नका, सरळ दवाखाना गाठा.

पावसाळा

पावसाच्या हलक्या सरीत धावणं सुखाचं असतं, विजा कडाडत असताना मात्र शिवारात किंवा झाडाखाली थांबायचं नाही. केळीच्या बागांच्या कडेने अंधारात जाऊ नका, या दिवसांत साप बाहेर असतात. दमट दिवशी वेग आपोआप कमी होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ओले बूट आतून वर्तमानपत्राचा कागद कोंबून वाळवा, उन्हात किंवा चुलीपाशी ठेवले तर तळ कडक होतो. चिखलाचे रस्ते असतील तितके दिवस पट्टा धरा.

बुटांविषयी इथेच सांगून टाकतो: पायाच्या अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि बूट धावण्याचे हवेत. पट्ट्यावरचे आणि रस्त्यावरचे वेगळे घेण्याची गरज नाही, फक्त चिखलाचे बूट मशीनवर चढवू नका.

पट्ट्यावरून पुन्हा रस्त्यावर

दिवाळीच्या सुमारास हवा पालटते आणि बाहेर पडावंसं वाटतं. तेव्हा एक गोष्ट सांभाळा. चार-पाच महिने पट्ट्यावर अर्धा तास सलग धावता येत असेल, तरी पहिल्या आठवड्यात बाहेर वीस मिनिटंच धावा, आणि तेही एक दिवस बाहेर, एक दिवस पट्ट्यावर असं. दमाला काही होणार नाही. घोटे, पोटऱ्या आणि मांड्या यांना असमान जमीन पुन्हा ओळखीची व्हायला दोन आठवडे द्यायचे आहेत. दुसऱ्या आठवड्यात पंचवीस मिनिटं, तिसऱ्यात नेहमीचा अर्धा तास.

मशीनवर वेग मशीन सांभाळतं, बाहेर तो आपल्याला सांभाळावा लागतो. गार हवेत पाय आपोआप सुटतात आणि पहिला किलोमीटर नेहमी जास्त वेगात जातो. म्हणून पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू धावा आणि वाक्य पूर्ण बोलता येतंय का ते पाहा. धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर ते नव्या कामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, चालतानाही टोचत असेल, तर आठवडाभर धावणं थांबवा, आणि तरीही राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घरच्या मशीनला दिवाळीनंतर महिनोन्महिने हात लागणार नसेल, तर पट्टा पुसून, वायर काढून, वर चादर टाकून ठेवा. फेब्रुवारीअखेर तेल घालून ते एकदा पाच मिनिटं मोकळं चालवून पाहा, म्हणजे काही बिघाड असेल तर दुरुस्तीला होळीआधी वेळ मिळतो.